वाटे सारखे करा

सोनाबाई गेली हे मला तुळशीरामनं सांगितलं, अहेरीच्या आठवडी बाजारात. गावाकडचा माणूस दिसला म्हणून मी हौसेनं त्याच्याजवळ गेलो, तर तो सुकी मासोळी विकायचं सोडून डोळे पुसत बसला होता. "मास्तर, आपली बाई गेली ना जी... सकाळी अंगण झाडलं, खाटेवर टेकली, ते टेकलीच." त्याला आता महिना होत आला. गडचिरोलीकडच्या आमच्या लहानशा गावाबाहेर तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि पेपराच्या पुरवणीत छापावं असं आपण काही केलं नाही, असं तिनंच मला ठणकावून सांगितलं असतं. पण माझा बाप आज त्या गावात मान वर करून राहतो तो तिच्यामुळं. हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही तलावातल्या मासोळीवर जगणारी ढिवर माणसं. आमचं आणि तिचं घर एकाच भिंतीचं. माझी आई लवकर गेली. त्यानंतर मी वाढलो तो सोनाबाईच्या चुलीवरच्या भातावर. ती एकटीच राहायची, मूलबाळ नव्हतं, आणि तोंडाची अशी फटकळ की कोंबडंसुद्धा तिच्या अंगणात विचारून शिरायचं. मी चौथी पास झालो त्या दिवसापासून ती मला मास्तर म्हणायला लागली, शाळेतली नोकरी पुष्कळ नंतर लागली. मग राज्याचा वाद आला. विदर्भाचं वेगळं राज्य हवं, की मुंबईसकट सगळ्या मराठी मुलखाचं एकच? बहुतेक गाव वेगळ्या राज्याचं, सोनाबाई त्यात सगळ्यांत पुढं. माझे बाबा, म्हणजे राघोबा, एका राज्याचे. रोज भिंतीवरून भांडण चालायचं. "मुंबई तुह्या बापानं तरी पाह्यली का?" ती विचारायची. बाबा म्हणायचे, "अन् तू नागपूर पाह्यलं?" "नाई पाह्यलं. पन मनात आलं तं जाता येते!"

सुरुवातीला आम्ही हसायचो. हळूहळू हसू आटलं. लग्नात दोन पंगती बसू लागल्या. आपल्या बाजूच्या पुढाऱ्याला सभेला उशीर झाला तर रस्ता वाईट, त्यांच्या पुढाऱ्याला झाला तर माणूस वाईट. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण दोन्ही बाजूंना पाठ होती आणि दोघंही ती फक्त दुसऱ्यासाठी वापरत. सोनाबाईनं बाबांशी बोलणं टाकलं. मी सुट्टीत आलो की मला मात्र भिंतीवरून भाताचं ताट यायचं, वर "बापाले देऊ नको" असा हुकूम.

अशाच एका पावसाळ्यात सापळ्याचं प्रकरण झालं. मासोळी अंड्यावर असते तेव्हा तलावात येणाऱ्या ओहोळाच्या तोंडाशी सापळा लावायचा नाही, हा गावाचा जुना नेम. तुळशीरामनं लावला. तो वेगळ्या राज्याचा झेंडा धरणारा. गाव म्हणालं, बायको बाळंतीण आहे, माणूस करणार काय? नारळ फोडून प्रकरण मिटलं. थोड्या दिवसांनी बाबांनी लावला. घरात दाणा नव्हता. तोच ओहोळ, तसाच बांबूचा सापळा... आणि तेच गाव म्हणालं, हा माणूसच बेइमान, म्हणून तर मुंबईवाल्यांच्या बाजूला गेला. तलावातला राघोबाचा वाटा कायमचा बंद करायचं ठरत आलं. आम्हाला शेत नव्हतं. वाटा गेला की बाबांना गाव सोडून जंगलात ठेकेदाराकडे लाकूड तोडायला जावं लागणार होतं, त्या वयात.

आमच्याकडे जाळं ओढून झालं की घरागणिक एकेक वाटा जमिनीवर मांडतात. एक जण पाठ फिरवून बसतो. दुसरा कुठल्याही वाट्यावर काठी ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस मनात येईल ते नाव घेतो. मांडणाऱ्याला आपल्या नशिबी कोणता वाटा येईल हे ठाऊक नसतं, म्हणून तो सगळे सारखे मांडतो. पाठ फिरवून बसायचा मान सोनाबाईचा होता.

बाबांच्या निकालासाठी गावाची बैठक बसली, तीत ती सगळ्यांत शेवटी बोलली. "सजेचे दोन वाटे मांडा. एकात नारळ, एकात तलाव बंद. मी पाठ फिरवून बसते. तुमी काठी ठेवा, मी राघोचं नाई तं तुळशीरामाचं नाव घेते. ज्याचं निघंल त्याचं."

तुळशीरामचं तोंड उतरलं. कोणीतरी म्हणालं, "बाई, त्याची गोष्ट येगळी होती."

"काय येगळी होती? माह्या मनातबी तेच होतं. तुळशीरामाचं ऐकून मले कीव आली, राघोचं ऐकून आग झाली. मंग भात शिजवता शिजवता इचार केला... सापळा तं सारखाच होता. फरक कुठी होता? माह्यात होता." मग आवाज चढवून म्हणाली, "वाटे सारखे करा, मंगच मी बसते."

वाटे सारखे झाले. दोघांनी नारळ द्यायचा आणि दोघांनी मिळून ओहोळाचा बांध नीट करायचा. बाबा हात जोडायला गेले तर ती म्हणाली, "हात काऊन जोडते? राज्य नागपूरचंच पायजे!" आणि पुन्हा अबोला. तिचं मत तसूभर हललं नाही. मला तिचं हेच फार मोठं वाटतं. आज पेपरात दुसऱ्या बाजूच्या कोणाचं वाचून माझं डोकं तापलं की मी त्याच्या जागी आपल्या माणसाचं नाव घालून पाहतो. बहुतेक वेळा माझाच राग लटका निघतो. ही शिकवण मला शाळेत मिळाली नव्हती. बाई, तुझे उपकार मी फेडू शकणार नाही.

तेराव्याला मी गावी गेलो. दुसऱ्या दिवशी तलावात जाळं पडलं. वाटे मांडून झाले. तिच्या जागेवर बसायला कोणी पुढं होईना. शेवटी तुळशीरामनं बाबांचा हात धरला. "राघोभाऊ, तुमी बसा."

"मी? मी तं मुंबईवाला आहो."

"म्हनूनच बसा."

बाबा पाठ फिरवून बसले. तुळशीरामनं पहिल्या वाट्यावर काठी ठेवली. "हा कोनाचा?"

 बाबा म्हणाले, "सोनाबाईचा."

तिचा वाटा मांडलेलाच नव्हता.  तुळशीरामनं काठी खाली ठेवली, आणि सगळे वाटे मोडून आम्ही पुन्हा मांडायला बसलो, एक घर जास्त धरून.