बाबांचं गाऱ्हाणं

गणपती आठवड्यावर आले आणि लालबागच्या आमच्या खोलीतला कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह यायचं आणि तिथेच ठाण मांडून बसायचं. एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं, पण त्यात बाबांचं गाऱ्हाणं होतं.

गाऱ्हाणं म्हणजे आम्हा कोकणातल्या माणसांचं देवाशी रोखठोक बोलणं. घरातला कर्ता मालवणीत मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबा इतक्या खणखणीत आवाजात घालायचे की शेजारच्या खोलीतूनही ‘व्हय म्हाराजा’ यायचं. “पाठ करून घे रे,” ते दादाला सांगायचे. “रेकॉर्ड केलंय ना बाबा,” दादा म्हणायचा, आणि मीही त्याचीच री ओढायचे. बाबा गेल्यावर दरवर्षी आरतीनंतर आम्ही स्पीकरवर त्यांचा आवाज लावायचो.

दादाला असल्या दुरुस्त्यांची भारी हौस. आधी त्यानं मदरबोर्डचं फर्मवेअर अपडेट केलं. मध्येच फ्यूज उडून मशीन कायमचं बंद पडायला नको म्हणून वहिनीला मिक्सरसुद्धा लावू दिला नाही. उपयोग शून्य. मग म्हणाला, “फॉरमॅट मारतो. सी ड्राइव्हच उडेल, आपलं सगळं डीमध्ये आहे.” फोटो, मुलांचे प्रोजेक्ट खरंच डीमध्ये होते. गाऱ्हाणं तेवढं आईला चटकन सापडावं म्हणून समोर डेस्कटॉपवर ठेवलेलं. आणि डेस्कटॉपवरचं सगळं सीमध्येच असतं. दादाला हे माहीत होतं. त्या घाईत सुचलं नाही, इतकंच.

संध्याकाळी कॉम्प्युटर नव्यासारखा पळू लागला. आईनं विचारलं, “ह्यांचा गाऱ्हाणा आसा मां रे?” दादा कोऱ्या डेस्कटॉपवर माऊस फिरवत राहिला.

दुकानात नेऊन पाहिलं, हाती काही लागलं नाही. माझ्या नाकावर एरवी राग असतो, पण या वेळी दादावर चिडताच येईना. मशीनमध्ये आहे म्हणून आम्ही दोघांनी बाबांची एकही ओळ पाठ केली नाही, याचीच हळहळ वाटत राहिली.

चतुर्थीला आरती संपली आणि सवयीनं सगळे स्पीकरकडे बघू लागले. “तूच घाल,” आई दादाला म्हणाली. तो हात जोडून पुढे झाला. “बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

पुढचं त्याला काही केल्या आठवेना. शेवटी कसंबसं म्हणाला, “काय चुकला-माकला आसात तर...” आणि रडायलाच लागला.

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाली.