एका घडाचे सहा फोटो

तासगावच्या स्टुडिओत मी फोटोंवरचे डाग ब्रशनं बुजवायचे. सातवीत शाळा सोडून खानदेशातून इतक्या लांब आलेली मी. स्टुडिओच्या मालकीण काकूंनी काम दिलं, राहायला मागची खोली दिली. ते मी विसरणार नाही. पण नव्वदचं दशक सरता सरता स्टुडिओत कॉम्प्युटर आला. आता ब्रश कुणाला लागणार? काकू म्हणाल्या, "द्राक्षाच्या पेटीवरचा फोटो कॉम्प्युटरवर जमवलास तर ते काम तुझं. नाहीतर सांगलीहून कोर्स केलेला माणूस आणावा लागंल."

म्हणजे मी परत घरी.

फोटो काढण्यापुरते सांगलीचे एक साहेब आले. गळ्यात डिजिटल कॅमेरा. आमच्याकडे तसला कुणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे ते बोलतील ते खपायचं. ज्यांच्या पेटीसाठी फोटो हवा होता त्या बागायतदार दादांच्या पॅकिंग शेडमध्ये घड टांगला. साहेबांनी उजेड आत यायचं भोक होईल तितकं बारीक केलं आणि जाहीर केलं, "आता पुढचा-मागचा प्रत्येक मणी स्पष्ट!" कॉम्प्युटरवर उघडलं तर सगळा घड धुक्यात.

"तुमचा स्क्रीनच भिकार," साहेब म्हणाले.

कॅमेऱ्याबरोबरचं पुस्तक त्यांनी प्लॅस्टिकमधून काढलंही नव्हतं. एवढा शिकलेला माणूस! मी ते मागून घेतलं, डिक्शनरी धरून दोन दिवस शब्दाशब्दाला अडखळत वाचलं. इतक्या जवळून काढताना स्पष्ट पट्टा बोटभरच असतो. भोक बारीक केलं की तो वाढतो, फारच बारीक केलं की सगळंच धूसर होतं. मात्र फोकस हातानं टप्प्याटप्प्यानं मागे नेता येतो. मग सहा फोटो का नाही काढायचे? पहिल्यात पुढचा मणी स्पष्ट, सहाव्यात मागचा देठ. प्रत्येकातला चांगला भाग घेऊन कॉम्प्युटरवर जोडायचा. ठिगळ लावणं तर माझं रोजचंच काम.

"सहा? बाई, तुम्ही आपले डाग पुसा," साहेब हसले. कॅमेरा मात्र दिला. दुसऱ्याची फजिती फुकट बघायला मिळत होती ना.

स्टँड हलवला नाही, उजेडाच्या सेटिंगला हात लावला नाही. तरी जोडल्यावर घडाच्या मधोमध अर्धाच मणी. साहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मी एकेक फोटो पाहिला. तिसऱ्यात मणी होता, चौथ्यात नुसतं देठाचं टोक. दादांना जाऊन विचारलं.

"व्हय, म्याच काढला. तडकल्याला हुता त्यो. आवं ताई, असला मणी पेटीवर? लोक त्वांडात शेण घालतील की!"

पेटी भरताना खराब मणी दिसला की कात्री चालवायची, हाच त्यांचा जन्माचा सराव. फोटो चाललाय म्हणून हात थोडाच थांबणार!

दुसऱ्या दिवशी नवा घड टांगला आणि दादांची कात्री आधी माझ्या पर्समध्ये टाकली. ते हात मागे बांधून उभे राहिले, तरी बोटं चाळवतच होती.

या वेळी टोकापासून देठापर्यंत सगळे मणी स्पष्ट आले, अगदी त्यांच्यावरच्या पांढऱ्या झाकेसकट. काकूंनी स्क्रीनजवळ जाऊन पाहिलं. "सांगलीला निरोप नको आता," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं.

"माझा कॅमेराच तसा आहे," साहेब म्हणाले. या वेळी आमचा स्क्रीन बहुधा भिकार नव्हता.

छापलेला फोटो दादांनी डोळ्यांजवळ धरला, नख फिरवत मणी न् मणी तपासला.

"झ्याक. पर ह्यो एक काढाया पायजे हुता." मग हात पुढे केला. "आन् माजी कात्री कुठाय?"