काहिलीपाशी एकच तोंड

पुण्याहून निघालेली एस.टी. सुप्याला थांबली, तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, "चहा घेऊ या का?" मी म्हटलं, घ्या की. मग खाली उतरावं की खिडकीतून मागवावा, ते विचारलं. मग गाडी किती वेळ थांबणार हे कंडक्टरला विचारून येऊ का, ते विचारलं. तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी सुटली. बावीस वर्षं संसार केल्यावर मला याचं नवल वाटायला नको होतं, पण पहाटे चारला उठून दशम्या केलेल्या बाईला चहा लागतो.

आमचे हे एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सव्वीस वर्षं फायलीवर टिपण लिहायचं, खाली "निर्णयार्थ सादर" अशी ओळ घालायची आणि फाईल वरच्या साहेबाकडे सरकवायची, हेच काम. एकोणपन्नासाव्या वर्षी ह्यांना त्याचा वीट आला. देवळाली प्रवऱ्याला ह्यांचे मामेभाऊ नामदेवभाऊजी यांचं गुऱ्हाळ आहे. तिथला गुळव्या (गुळाचा पाक कधी झाला ते ठरवणारा कारागीर) हसनभाई थकला होता आणि त्याची मुलं साखर कारखान्यात लागली होती. "दादा, तूच ये की, शिकून घे," असं भाऊजी एका लग्नाच्या पंगतीत म्हणाले. वाढपी पुढे सरकला तसे भाऊजी ते विसरले. हे विसरले नाहीत.

राजीनाम्याचे पाच कच्चे खर्डे झाले. सहावा पाकिटात घालून, वर तिकीट लावून माझ्या पर्समध्ये ठेवायला दिला. साहेबांच्या हातात द्यायचा धीर नव्हता, म्हणून टपालानं. "गूळ जमेल असं वाटलं, तर येताना टाकू. तू सांगशील तसं," असं म्हणाले. म्हणजे घरातही फाईल वरच पाठवायची. मी पर्सची चेन जोरात ओढली आणि ती अडकली ती अडकलीच.

सत्तर-एकाहत्तरची थंडी होती, संक्रांत नुकतीच झालेली. नगरपर्यंत नुसतं उघडं माळरान, मध्येच एखादं बाभळीचं झाड आणि त्याखाली बसलेली मेंढरं. नगरला गाडी बदलली. राहुरी मागे पडल्यावर मात्र पाटाचं पाणी दिसायला लागलं आणि दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढा ऊस. मला ते पाहून खरंच बरं वाटलं, पण तसं बोलले असते तर ह्यांनी तेच माझं मत म्हणून धरलं असतं.

फाट्यावर भाऊजी बैलगाडी घेऊन आले होते. संध्याकाळी जाऊबाईंनी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्श्यात शिजवलेल्या) केले होते. मी दोनदा मागून घेतले. ह्यांनी ते भाकरीबरोबर खायचे की नुसते, याची चौकशी केली, आणि ती होईतो ताटातले शेंगोळे गार झाले.

सकाळी गुऱ्हाळावर गेलो. आल्यागेल्याला आधी रस पाजायचा ही तिथली रीत, तेव्हा दोन-दोन पेले झाल्याशिवाय कुणी बोलू देईना. चुलवणावर (जमिनीत खणलेल्या मोठ्या चुलीवर) काहील चढलेली होती, खोलीएवढी रुंद कढईच. रस उकळत होता. चार गडी बाजूला उभे होते. हसनभाई म्हणजे वाळक्या अंगाचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्याचे डोळे धुरानं कायमचे लाल झालेले. त्यानं ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिथला कायदा सांगितला. पाक झाला की गुळव्यानं "उतरवा" म्हणायचं. त्या शब्दावर चौघं एकदम काहील ओढतात. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

"काहिलीपाशी येकच तोंड बोलतं, सायब," तो म्हणाला. "आज त्ये तुमचं. मी बोलनार न्हाई. जळालं तर जळू द्या."

भाऊजींचा चेहरा पडला, कारण ऊस त्यांचा होता. पण हसनभाईपुढे तेही बोलले नाहीत.

ह्यांनी खिशातून वही काढली. रसाचा रंग लिहिला, फेस लिहिला, वेळ लिहिली. हसनभाईनं थोडा पाक पाण्यात टाकून दाखवला, तेही लिहिलं. पाक दाटत चालला. बुडबुडे जड झाले, वास बदलायला लागला. तिळगुळासाठी मी दरवर्षी गोळीबंद पाक करते. मला लांबून दिसत होतं की झालं, आता झालं, आता तर होऊन गेलं. हे वही मिटून हसनभाईकडे वळले आणि म्हणाले, "आपलं काय मत?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "उतरवा," मी म्हणाले.

गडी दचकले, पण शब्द पडला होता. काहील सरसर ओढली गेली आणि गूळ वाफ्यात (थंड करायच्या हौदात) पडला. पिवळाधमक उतरला. भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, हसनभाई आता माझं कौतुक करील. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वैनी, तुमी बोलल्या त्ये बराबर हुतं. पर तुमी बोलत ऱ्हाल, तवर ह्ये बोलायचे न्हाईत."

मला त्याचा भयंकर राग आला. बावीस वर्षं मी या माणसाच्या नावानं कपाळ बडवत आले, आणि हा म्हातारा खापर माझ्याच डोक्यावर फोडत होता. पण जेवायला घरी जाताना रस्त्यात आठवायला लागलं. मुलाची शाळा मी ठरवली, मुलीचं स्थळ मी ठरवलं, भाड्याची खोली मी ठरवली. ह्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं. सांगायला मला आवडतही होतं. हे कबूल करताना आजही तोंड कडू होतं.

दुपारच्या आदणाला (काहिलीच्या दुसऱ्या खेपेला) मी आपणहून लांब गेले. विहिरीच्या कठड्यावर बसले आणि उसाचं एक कांडं तोंडात धरलं, म्हणजे बोलताच येऊ नये. दात दुखेपर्यंत चावत राहिले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ह्यांचा आवाज आला, घरी कधीच न ऐकलेला, चिरका आणि मोठा: "उतरवा!"

मी धावत गेले. फार लवकर झालं होतं. वाफ्यात गूळ नव्हता, पातळ काकवी होती, ती कधीच थिजणार नव्हती. भाऊजी डोक्याला हात लावून बसले होते. हे त्या काकवीकडे बघत उभे होते, अंगभर घाम, हातात वही नाही.

"चुकलं," हसनभाई म्हणाला. "पर बोलला. काकवी बी लोक खात्यात."

दुसऱ्या दिवशी काकवीच्या दोन बरण्या मांडीवर घेऊन आम्ही परत निघालो. नगरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती आणि समोरच टपालाची लाल पेटी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ विचारायला उघडलेले मला दिसले. मी पर्सची अडकलेली चेन दातानं ओढून उघडली, पाकीट ह्यांच्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसले. खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. काय सांगावं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखं माझ्याजवळ भरपूर होतं.

घंटी वाजता वाजता हे चढले. हात रिकामे होते. शेजारी बसले आणि काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला सगळ्या प्रवासात जड गेलं. पुढे काय खायचं, कुठे राहायचं, मुलीच्या लग्नाचं काय, सगळं डोक्यात उकळत होतं.

सुप्याला गाडी थांबली. हे उठले, खाली उतरले आणि चहाचे दोन पेले घेऊन आले. माझा मला दिला.

बरण्या सांभाळून माझ्या मांड्या अवघडल्या होत्या आणि चहा मला मुळीच नको होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.