जर्मन मास्तर आणि घोळीची भाजी

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी जावयाला थंडीबद्दल दहा सूचना दिल्या. मला फक्त "जप" म्हणाले. वनस्पतिशास्त्राचं संशोधन अर्धवट टाकून मी नवऱ्यामागे मिशिगनला निघाले होते, आणि जन्मभर शाळेत झाडं-पानं शिकवलेल्या माणसाला ते सहन होत नव्हतं. "तिकडे तू करणार काय?" हा त्यांचा आदल्या दिवशीचा प्रश्न विमानभर माझ्या डोक्यात घुमत होता.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आल्यावरही उत्तर सापडेना. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची सोय नाही. फोनवर बाबा तब्येत विचारायचे, झाडांविषयी मात्र अवाक्षर काढत नसत. फार लागायचं मला ते. तुमच्यापैकी ज्या अशाच इकडे आल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको.

मग लायब्ररीत साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन पंडिताचं जाडजूड चरित्र हाती लागलं. पेशाने वैद्य. धर्माच्या भांडणांपायी त्याला तीनदा गाव सोडावं लागलं. पण गडी मोठा वल्ली! नव्या गावात सामान लावायच्या आधी वेशीबाहेर जाऊन उगवलेल्या प्रत्येक झाडाची नोंद करायचा. बायाबापड्यांना नावं विचारायचा, पानं चावून बघायचा. एकदा भलतंच काही चावलं आणि आठवडाभर अंथरुणात पडला.

मीही वही घेतली आणि आमच्या सबडिव्हिजनभर, म्हणजे घरांच्या वसाहतीत, हिंडू लागले. शेजारच्या ड्राइव्हवेच्या फटीत चक्क घोळ, आपण डाळ घालून भाजी करतो तीच! ओंजळभर खुडली, तोच शेजारीण बाहेर आली. "ओह, थँक यू फॉर वीडिंग!" म्हणत तिने माझ्या हातात कुकीज ठेवल्या. मी तिचं तण काढतेय असं वाटलं बिचारीला. मी भाजी आणि कुकीज दोन्ही घेऊन घरी आले.

रविवारी बाबांना म्हटलं, त्या जर्मनाच्या यादीतही घोळ आहे, तो ती खायचासुद्धा. पलीकडून हळूच, "डाळ घालून?"

त्यानंतर बाबांनी त्या पंडिताला मास्तर करून टाकलं. दर रविवारी एकच चौकशी, जर्मन मास्तर आता कुठल्या गावी? मास्तर परमुलखातच वारले, मूळ गावी परतलेच नाहीत, हेही एका रविवारी सांगितलं. बाबा म्हणाले, "यादी तर केली ना त्यांनी? आता तुझी वाच." मी वाचत गेले, ते उतरवून घेत गेले.

काल त्यांनी स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. वर ठसठशीत अक्षरात मथळा आहे, 'आपल्या नोव्हायच्या वनस्पती'.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी चटकन नागपूर म्हणायचे. आता दोन्ही नावं सांगते, आणि त्यातलं कुठलंही आधी येतं.