हालेलुयामधली रिकामी जागा

शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती देवळातल्या गायकमंडळात सगळ्यांत उतावळा गळा माझा. दिवसभर मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून पळापळ करायची, तीच घाई गाण्यात उतरायची. आम्हाला गाणं शिकवणारे शाळेतले मास्तर म्हणायचे, "अगं बाई, गाणं म्हंजी इंजेक्शन न्हाई, टोचलं आन् मोकळं!" तेव्हा राग यायचा. आज वाटतं, त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मास्तरांनी दौंडला एका रेल्वे गार्डच्या घरी ग्रामोफोनवर एक हालेलुया, म्हणजे देवाच्या स्तुतीचं गाणं, ऐकलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन संगीतकारानं लंडनमध्ये बसून, जेवणाच्या ताटाकडंही न बघता, तीन-साडेतीन आठवड्यांत ख्रिस्ताची सगळी कथा गाण्यांत बसवली, त्यातलं ते गाणं, असं ते सांगत. म्हातारपणी त्याचे डोळे गेले, तरी तो आपलं गाणं ऐकायला जाऊन बसायचा. काचबिंदूनं मास्तरांचेही डोळे चालले होते. "पुरतं अंधारायच्या आत एकदा आपल्या मानसांच्या तोंडून हे ऐकायचंय," म्हणायचे.

त्यांनी शब्द मराठीत केले, बायकांचे दोन, पुरुषांचे दोन असे चारही आवाज आमच्याकडून पाठ करून घेतले. अडायचं ते शेवटी. तिथं सगळे एकदम थांबतात, एक श्वासभर शांतता, आणि मग शेवटचं संथ हालेलुया. त्या शांततेत दर तालमीला मी एकटीच घाईनं पुढचं हालेलुया ओरडायचे. बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. "ह्या डोळ्यांनी यंदा मला तुझं तोंड दिसायचं न्हाई," मास्तर म्हणाले, "तूच सांभाळ." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ भरलं. मास्तरांनी जवळच्या न्हावरे गावच्या हिंदू शेतकऱ्यांनाही बोलावलं होतं. त्यांची पोरं मास्तरांच्या हाताखाली शिकलेली. ते मागं सतरंजीवर बसले. पायपेटी सुरू झाली. हे गाणं ऐकताना तिकडं लंडनला राजा उठून उभा राहिला होता म्हणे, म्हणून सगळे उठतात. आमची मंडळीही उठली. मागच्यांना राजाबिजा काय ठाऊक! देवाचं गाणं चाललंय आणि लोक उभे राहिलेत, म्हणजे आरती. तेही उठले आणि त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

मास्तरांना अर्धी मात्रा इकडची तिकडं खपत नसे. ही टाळी त्या शांततेतही चालू राहिली तर? मी त्यांच्या हातावरची नजर काढली नाही. हात वर गेला आणि थांबला. आम्ही थांबलो. मीसुद्धा, जन्मात पहिल्यांदा. आमचे आवाज थांबले तशी मागची टाळीही थांबली. आणि त्या शांततेत न्हावऱ्याच्या एका म्हाताऱ्या आबांचा आवाज आला, "व्हय रं देवा!"

मास्तरांचा हात तसाच वर राहिला. मग सावकाश खाली आला, आणि आम्ही शेवटचं हालेलुया गायलो.

मंडळी चहाला पांगल्यावर मी भीत भीत त्यांच्याजवळ गेले. "मास्तर, आज मी नाही हं ओरडले."

ते उपरण्यानं डोळे पुसत होते. "ठाऊक हाय मला," म्हणाले. "तू वरडली असतीस तर आबांचं ऐकू आलं नसतं."