हिंगाची बिअर

गाडीच्या दारांची रबरी सीलं तपासणं हे माझं काम. आत पाणी येता कामा नये, वाऱ्यानं शिट्टी वाजवता कामा नये, यासाठी जर्मनीत इंगोलश्टाटमध्ये मला पगार मिळतो. म्हणून ही हकिगत सांगताना जास्तच लाज वाटते.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा घरी बिअर करायचे. दर गुरुवारी त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, चार म्हातारे बाकावर बसून एकमेकांची बिअर चाखत. नऊ वर्षं मी त्या दारावरून सायकल नेत होतो आणि नऊ वर्षांत 'हालो'च्या पुढे गेलो नव्हतो. मला त्या बाकावर बसायचं होतं. म्हणून मीही बिअर केली.

बाटल्या आजोबांनीच दिल्या. वीस होत्या, चिनी मातीच्या बुचाच्या, तारेचा खटका असलेल्या. म्हणाले, "बाटल्या तुमच्या नातवंडांना पुरतील. बुचाची रबरी रिंग मात्र नवी घाला."

मी "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणालो आणि घातली नाही. रिंगा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होत्या. पण मी ज्या घरात वाढलो, तिथे कुकरची सैल रिंग फ्रीझरमध्ये ठेवून आणखी दोन वर्षं चालवत. वस्तू फेकणं आम्हाला पाप वाटतं. खोटं बोलणं तितकं नाही. थंडीनं रबराचं काय होतं हे मी ऑफिसात स्लाइड दाखवून शिकवतो. घरी वीस जुन्या रिंगा उकळल्या आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्या, सासूबाईंनी पुण्याहून आणलेल्या हिंगाच्या पुडीला चिकटून.

उन्हाळ्यात अंगणात सगळ्या बिऱ्हाडांचं जेवण होतं. आजोबांनी माझ्या पहिल्या बाटलीचा खटका उघडला. 'प्लॉप' व्हायला हवं होतं. नुसतं 'फुस्' झालं. फेस नाहीच. एक घोट घेऊन ते म्हणाले, "इंटरेसांट." म्हणजे, मजेशीर आहे. यापेक्षा वाईट शब्द जर्मन माणूस शेजाऱ्याच्या तोंडावर उच्चारत नाही. बिअरमध्ये जव, हॉप्सची कडू फुलं आणि पाणी याखेरीज काही घालू नये, असा कायदा पाचशे वर्षांपूर्वी याच गावात झाला. रिंगांना लागलेल्या वासातून मी तिच्यात हिंग घातला होता.

"रिंगा नव्या आहेत ना?" आजोबांनी विचारलं.

"हो, नव्याच. पण माझ्या सासूबाईंनी न विचारता बाटल्यांत मसाला भरून ठेवला होता."

चारही म्हातारे बसलेला बाक हसून हसून हलला. पलीकडे खुर्चीवर स्वेटर घालून बसलेल्या सासूबाईंना 'श्वीगरमुटर', म्हणजे सासू, एवढा एक शब्द ओळखीचा. आपली ओळख करून देतायत असं वाटून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

"श्टिम्ट निश्त, पापा!" माझी मुलगी ओरडली. खोटं आहे, पापा! मी तिच्या हातात ब्रेत्सेल पाव दिला.

आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, सासू कुणाला चुकलीय? गुरुवारी ये." नऊ वर्षांचं 'तुम्ही' संपलं.

जिन्यात सासूबाईंनी विचारलं, "एवढं हसायला काय झालं हो?"

मी किल्ली शोधू लागलो. बायको म्हणाली, "आई, बिअर बिघडली त्याचं खापर यांनी तुझ्यावर फोडलं."

"माझ्यावर? मी त्या बाटल्यांना शिवलेसुद्धा नाही." मग माझ्याकडे वळून, "पण तुम्हाला बसायला बोलावलं ना त्यांनी?"

"हो, आई."

"मग बसा." आत जाऊन त्यांनी फ्रीझरमधली हिंगाची पुडी काढली आणि आपल्या बॅगेत टाकली.

गुरुवारी सगळं खरं सांगायचं असं ठरवून मी केलरमध्ये उतरलो. म्हाताऱ्यांनी माझ्या बाटल्यांसाठी लेबलं तयार ठेवली होती. त्यांवर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'श्वीगरमुटर'. मी बाकावर बसलो.

आता मी दर वेळी नव्या रिंगा घालतो. बिअर छान होते. नाव तेच आहे.

दर उन्हाळ्यात पुण्याहून फोन येतो. नातीची, माझ्या गुडघ्याची चौकशी झाली की सासूबाई विचारतात, "आणि माझी बिअर कशी झालीय यंदा?"

"आई, आवाज तुटतोय," मी म्हणतो. तो अगदी स्वच्छ येत असतो.