वल्ह्याची निशाणी

मिठागराच्या मुकादमाच्या खुनाबद्दल तिथल्याच एका गड्याला फाशीची शिक्षा झाली होती. त्याला माफी मिळावी म्हणून लाटसाहेबांकडे धाडायच्या अर्जावर मी ठाण्याच्या आसपास गावोगाव सह्या घेत फिरत होतो. खून होताना कुणीच पाहिला नव्हता, हा आमचा मुख्य मुद्दा.

बाळकुमहून खाडी ओलांडताना नावाड्यालाही अर्ज वाचून दाखवला. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने आधी हात खाडीत धुतले, पंच्याला नीट पुसले, आणि शेतकरी सहीऐवजी नांगर काढतात तसं कागदावर वल्हं काढलं. इतक्या जपून सही करणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

"त्यानं नाय मारला," तो म्हणाला. "मुकादम मरता मरता पानी मागत होता. हा असता तर त्यानं पाजलं असतं."

माझ्या हातातली दौत कलंडली. भर खाडीत आम्ही दोघेच होतो. तो वल्हवत राहिला.

पलीकडच्या काठाला चिखल होता. "सांभालून, रावसाहेब," म्हणत त्याने मला उतरायला हात दिला.

मी तो धरला.